ॲपवर काम करणाऱ्यांना नव्या कायद्यात नक्की काय मिळतं? (ई-श्रम, 90 दिवस, अपघात, आयडी ब्लॉक)

प्रश्न: दोन_ॲप_एक_गाडी

21 नोव्हेंबर 2025 ला चारही कामगार संहिता लागू झाल्यापासून डिलिव्हरी आणि कॅबवाल्यांच्या ग्रुपवर रोज नवा मेसेज येतोय. कुणी म्हणतं आता पीएफ सुरू होणार, कुणी म्हणतं किमान वेतन मिळणार, कुणी म्हणतं ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) कार्ड काढलं की पाच लाखांचा विमा आपोआप लागू. नेमकं काय खरं आहे ते इथल्या जाणकारांनी सांगावं.

चार गोष्टी विशेष विचारायच्या आहेत. एक, सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्याचा हक्क कोणता आणि पैसे कुठून येणार? दोन, 90 दिवसांची अट आहे म्हणतात. दोन ॲपवर काम असेल तर दिवस कसे मोजायचे? तीन, ऑर्डर पोचवताना अपघात झाला आणि गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असली तर काय मिळतं? चार, आयडी (ॲपवरचं कामाचं खातं) अचानक ब्लॉक केला तर महाराष्ट्रात दाद कुठे मागायची?

कृपया "कायद्यात तरतूद आहे" एवढ्यावर सोडू नका. कुठे जायचं, कोणता कागद लागतो, कुठे अडतं, हे लिहा.

उत्तर: संहिता_वाचक

पहिल्या प्रश्नाचं आधी, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या पहिल्यांदाच केंद्रीय कायद्यात आली. पण ती व्याख्याच "पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारा" अशी आहे. या एका वाक्यामुळे पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी या प्रकरणांतून तुम्ही बाहेर राहता, कारण ती "कर्मचाऱ्यां"साठी आहेत. वेतन संहितेतलं किमान वेतन आणि ओव्हरटाइमसुद्धा रोजगाराचं नातं धरूनच चालतं. म्हणून "आता किमान वेतन मिळणार" हा मेसेज चुकीचा आहे, पुढे पाठवू नका.

तुमच्यासाठी खरी तरतूद कलम 113 आणि 114 मध्ये आहे. 113 नोंदणीचं, 114 योजनांचं. योजना कशासाठी असू शकतात तेही लिहिलंय: जीवन व अपंगत्व विमा, अपघात विमा, आरोग्य व मातृत्व लाभ, वृद्धापकाळाचं संरक्षण, पाळणाघर. "असू शकतात" हा शब्द मुद्दाम वापरतोय. कायदा सरकारला योजना आखायला सांगतो, रक्कम ठरवून देत नाही. ज्या लाभाची योजना अधिसूचित झाली, तोच मागता येतो.

पैसे ॲग्रीगेटर कंपन्यांकडून (ॲपवरून ग्राहक आणि काम करणारे यांना जोडणाऱ्या) येणार: वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के, पण कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. समजा एखाद्या कंपनीची उलाढाल 100 कोटी आणि कामगारांना दिले 30 कोटी. 2 टक्के दराने 2 कोटी होतात, पण 30 कोटींचे 5 टक्के म्हणजे दीड कोटी, म्हणून भरायचे दीडच कोटी. कामगारांना दिलेली रक्कम जितकी कमी, तितकी ही मर्यादा लवकर आड येते. मला ही या तरतुदीतली सर्वांत कच्ची बाजू वाटते.

आणि हे पैसे पीएफसारखे तुमच्या नावावर साठत नाहीत. ते सामाजिक सुरक्षा निधीत जातात आणि तिथून योजनांवर खर्च होतात. "माझे किती जमले" असं पासबुक निघणार नाही.

कोणत्या कंपन्या यात येतात ते सातव्या अनुसूचीत आहे: प्रवासी वाहतूक, खाद्यपदार्थ व किराणा डिलिव्हरी, लॉजिस्टिक्स, ई-बाजारपेठ, व्यावसायिक सेवा, आरोग्यसेवा, प्रवास व आतिथ्य, कंटेंट व माध्यमं, आणि शेवटी "इतर कोणतीही" वस्तू-सेवा देणारे प्लॅटफॉर्म. म्हणजे घरी येऊन ब्यूटी पार्लरचं किंवा एसी दुरुस्तीचं काम ॲपवरून घेणाऱ्यांनाही हेच लागू. हे लोक अशा चर्चांतून नेहमी सुटतात.

उत्तर: नोंदणी_खिडकी

दिवसांच्या मोजणीबद्दल. केंद्राने डिसेंबर 2025 च्या अखेरीस जे मसुदा नियम काढले, त्यात लाभासाठी मागच्या आर्थिक वर्षात एका ॲग्रीगेटरकडे किमान 90 दिवस, किंवा एकापेक्षा जास्त ॲग्रीगेटरकडे मिळून किमान 120 दिवस काम अशी अट आहे. ज्या तारखेला त्या ॲपवर काहीही कमाई झाली, ती तारीख एक दिवस. रक्कम किती हे बघत नाहीत, एक ऑर्डर पुरते. एकाच तारखेला तीन ॲपवर कमाई केली तर ते तीन दिवस धरायचे असंही मसुद्यात आहे. म्हणजे दोन्ही ॲपवर रोज एखादी तरी ऑर्डर करणाऱ्याचे 120 दिवस 60 तारखांत भरतात. मधल्या ठेकेदारामार्फत किंवा उपकंपनीमार्फत लावलेलं कामही मोजायचं आहे. वयाची 60 वर्षं पूर्ण झाली की पात्रता संपते.

ही मोजणी आधारवर चालणार, म्हणून सगळ्यात मोठा धोका सांगतो: भाड्याचा आयडी. मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या आयडीवर गाडी चालवणारे खूप आहेत. तुमचे सगळे दिवस त्याच्या आधारवर पडतात. कंपनीचा अपघात विमाही त्याच्याच नावाचा असतो, आणि अपघात तुम्हाला झाला की क्लेम उभाच राहत नाही. आयडी स्वतःचाच हवा, यात तडजोड करू नका.

ई-श्रम नोंदणीला लागतं काय: आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक खातं. वय 16 ते 59. नोंदणी मोफत आहे. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही. मग सेवा केंद्रात जाऊन बोटाच्या ठशावर करता येते. अडचण असेल तर 14434 ही हेल्पलाइन आहे.

इथे तीन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, ई-श्रमचा यूएएन (नोंदणी क्रमांक) 12 अंकी आणि पीएफचा यूएएनही 12 अंकी, पण दोन्ही वेगळे. जुन्या नोकरीचा पीएफ नंबर ॲपमध्ये टाकला की जुळत नाही. दुसरं, 2021 मध्ये पोर्टल सुरू झालं तेव्हा घाईत "शेतमजूर" किंवा "बांधकाम मजूर" म्हणून नोंदणी केलेले बरेच आहेत. तुमचं जुनं कार्ड तसं असेल तर ते तसंच ठेवू नका. लॉग-इन करून व्यवसाय बदला आणि प्लॅटफॉर्म कामगारांच्या वेगळ्या विभागात तुमच्या ॲग्रीगेटरचं नाव निवडा. दोन ॲप असतील तर दोन्ही. तिसरं, नावाचं स्पेलिंग. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि ॲपवर नुसतं नाव-आडनाव असेल तर कंपनीने पाठवलेली माहिती लटकते. ॲपच्या प्रोफाइलमध्ये आधारप्रमाणे नाव करून घ्या.

कार्ड काढल्याने पाच लाख आपोआप लागू होत नाहीत. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्लॅटफॉर्म कामगारांना ओळखपत्र, ई-श्रम नोंदणी आणि आयुष्मान भारत जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याची घोषणा झाली. ते 5 लाख म्हणजे कुटुंबाला वर्षभरात रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. हातात रोख मिळत नाही आणि ओपीडीला चालत नाही. महाराष्ट्रात रेशनकार्डावर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही 5 लाखांपर्यंत मर्यादा आहे. रुग्णालय योजनेत आहे का ते 155388 वर विचारा आणि भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) गाठा. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड दाखवलं तर बिल परत मिळवणं जवळपास अशक्य होतं.

दोन_ॲप_एक_गाडी

छान माहिती. भाड्याच्या आयडीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. अपघाताचं कुणी सांगेल का? आणि कंपनीचा विमा "ऑन ड्यूटी" म्हणजे नक्की कधीपासून कधीपर्यंत?

उत्तर: क्लेम_टेबल

हे सविस्तर लिहितो, कारण योजनांचे नियम काहीही येवोत, आज रात्री गाडी घसरली तर उपयोगी पडणारं हेच आहे.

"ऑन ड्यूटी"ची व्याख्या प्रत्येक पॉलिसीत वेगळी. काहींत लॉग-इनपासून लॉग-आउटपर्यंत, काहींत फक्त ऑर्डर स्वीकारल्यापासून ती पोचेपर्यंत. दुसऱ्या प्रकारात ऑर्डर देऊन परत येताना किंवा पुढच्या ऑर्डरची वाट बघताना झालेला अपघात बाहेर राहतो. ॲपच्या मदत विभागातून विमा प्रमाणपत्र डाउनलोड करा आणि त्यात हे शोधा: विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, मुदत, तुमचं नाव, संरक्षण कधी सुरू होतं, किती दिवसांत कळवायचं. अनेक ठिकाणी मागच्या महिन्यात ठरावीक ऑर्डर झाल्या असतील तरच संरक्षण चालू, अशीही अट असते. गावी जाऊन महिनाभराने परतलात तर पहिल्या दिवशीच तपासा.

अपघातानंतर ॲपमधून लगेच लॉग-आउट करू नका. चालू ऑर्डरचा क्रमांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, शुद्धीत नसाल तर सोबतच्याने काढावा. 112 वर फोन करा. रुग्णालयात एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी अपघाताची वैद्यकीय नोंद) करायला सांगा, आणि त्यात "डिलिव्हरी करताना, अमुक ठिकाणी, अमुक वाहनाची धडक" असं लिहून घ्या. लोक घाबरून "घसरून पडलो" म्हणतात, पोलिसांचं झंझट नको म्हणून एमएलसी टाळतात. पुढे ना पंचनामा, ना एफआयआर, आणि क्लेम तिथेच संपतो. डॉक्टरांनी लिहिलेलं पहिलं वाक्य विमा कंपनी सगळ्यात आधी वाचते.

उपचाराचा खर्च: मे 2025 पासून रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजना आहे. अपघातापासून 7 दिवस, जास्तीत जास्त दीड लाख रुपये, नेमलेल्या रुग्णालयात. गाडी कुणाची, चूक कुणाची हे बघत नाहीत, पण पोलिसांकडून अपघाताची खातरजमा लागते. म्हणूनही 112 ची नोंद महत्त्वाची.

आता भावाच्या गाडीचा प्रश्न. विम्यासोबत 15 लाखांचं जे सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते मालक-चालकासाठी आहे: आरसी बुकवर नाव, पॉलिसीवर नाव आणि वैध लायसन्स, तिन्ही एकाच माणसाचं. गाडी भावाची आणि चालवत होता तुम्ही, तर ते 15 लाख सहसा लागू होत नाहीत. बरं, थर्ड पार्टी (अपघातात नुकसान झालेला तिसरा माणूस) म्हणून भावाच्या विमा कंपनीकडे मागावं, तर न्यायालयांची भूमिका अशी की मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो, तो तिसरा पक्ष नव्हे. म्हणजे दोन्ही दारं बंद. रोज गाडी तुम्हीच चालवत असाल तर आरसी आणि विमा तुमच्या नावावर करून घ्या. त्याचा खर्च या जोखमीपुढे फारच थोडा आहे.

दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर वेगळं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा लावता येतो. मुदत अपघातापासून 6 महिने, ती पाळाच. तिथे तुमची कमाई सिद्ध करावी लागते, आणि ॲपची साप्ताहिक स्टेटमेंट नसतील तर अंदाजाने कमी उत्पन्न धरलं जातं. चूक सिद्ध करायची नसेल तर कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख, गंभीर इजेला अडीच लाख अशी ठरलेली भरपाई आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला 2 लाख, गंभीर इजेला 50 हजार.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीवर माल पोचवताना गाडीचं नुकसान झालं, तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नाकारला जाण्याची शक्यता मोठी. खासगी पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर वगळलेला असतो. पॉलिसी घेताना एजंटला डिलिव्हरीसाठी वापर आहे हे लेखी सांगा, व्यावसायिक वापराची पॉलिसी मागा.

कंपनीच्या पॉलिसीत तात्पुरत्या असमर्थतेचा साप्ताहिक भत्ता असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र तारखांसह सलग हवं. मध्ये आठवड्याची फट राहिली की तेवढे पैसे जातात. त्या काळात प्लास्टर असताना "दोनच ऑर्डर मारतो" म्हणून लॉग-इन केलंत तर तेच रेकॉर्ड तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात, गट विम्याचेसुद्धा. "पॉलिसी ॲप कंपनीच्या नावावर आहे, तुम्ही तक्रार करू शकत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कॅबवाल्यांसाठी जोड: जुलै 2025 च्या केंद्रीय मोटार वाहन ॲग्रीगेटर मार्गदर्शक तत्त्वांत चालकाला किमान 5 लाखांचा आरोग्य विमा आणि 10 लाखांचा टर्म विमा, तसंच स्वतःची गाडी असेल तर भाड्याचा किमान 80 टक्के वाटा असं आहे. राज्याने परवान्याच्या अटीत ते घेतलं की बंधनकारक होतं.

उत्तर: पिकर_पॅकर

एक गट वरच्या सगळ्यातून सुटतोय. डार्क स्टोअर (फक्त ऑनलाइन ऑर्डरसाठीचं दुकान) किंवा गोदामात माल उचलून पॅक करणारे, आणि ठेकेदाराकडे ठरावीक पगारावर, ठरावीक शिफ्टमध्ये डिलिव्हरी करणारे. नुसतं काम ॲपचं आहे म्हणून हे गिग कामगार होत नाहीत. हजेरी, महिना पगार, सुटीला परवानगी असेल तर बहुतेक ठिकाणी हे ठेकेदाराचे कर्मचारी ठरतात. मग 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पीएफ, आणि 10 किंवा जास्त असतील व पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागू. ईएसआयला पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो.

नेमणूकपत्रावर "पार्टनर" लिहिलंय की "कर्मचारी", याने ठरत नाही. पगारपत्रकात कपात दिसते पण ईएसआय पोर्टलवर नाव नाही, हा प्रकार सर्रास होतो. कपात पाहून निर्धास्त राहू नका, दर महिन्याला भरणा तपासा.

उत्तर: संहिता_वाचक

चौथा प्रश्न राहिला, आयडी ब्लॉक. स्पष्ट बोलायचं तर महाराष्ट्रात इथेच सगळ्यात मोठी पोकळी आहे. आयडी बंद करण्याआधी इतक्या दिवसांची नोटीस, लेखी कारण, सुनावणी असं काही सामाजिक सुरक्षा संहितेत नाही. कर्नाटकने 2025 च्या कायद्यात ते घातलं: काम बंद करण्याआधी लेखी कारणांसह 14 दिवसांची नोटीस, आणि प्रत्येक व्यवहारातल्या कामगाराच्या मोबदल्यावर 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क. बेळगाव-निपाणी भागात काम करणाऱ्या आपल्या मराठी मुलांना तो कायदा लागू आहे, त्यांनी तो वापरावा. राजस्थानने 2023 मध्ये देशात पहिला कायदा केला, तो मुख्यतः नोंदणी आणि कल्याण मंडळाभोवती आहे. महाराष्ट्राने कर्नाटकच्या धर्तीवर नोटिशीची तरतूद करायलाच हवी. कल्याण निधीइतकीच ही मागणी संघटनांनी लावून धरायला हवी.

तोवर हातात काय? आयडी ब्लॉक झाला की ॲपमधलं सगळं दिसेनासं होतं: पेआउट, रेटिंग, ऑर्डरचा इतिहास. म्हणून पुरावा आधीच बाहेर हवा. दर आठवड्याचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये ई-मेलवर, बँक खात्याचं विवरण, करारातल्या अटी मान्य केल्या त्या दिवशीची प्रत, विमा प्रमाणपत्र. वरच्या 90 किंवा 120 दिवसांच्या वादातही हेच कागद लागतील.

ब्लॉक झाल्यावर चॅटवर भांडत बसू नका, चॅट पुसली जाते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करा. त्यात तीन गोष्टी मागा: ब्लॉक करण्याचं नेमकं कारण व संबंधित ऑर्डर क्रमांक, माणसाकडून फेरतपासणी, आणि थकलेलं पेआउट किती व कधी मिळणार. ग्राहकाची तक्रार असेल तर त्या ऑर्डरचा तुमच्याकडचा फोटो किंवा ओटीपीची नोंद जोडा. थकलेले पैसे हा आयडी परत मिळण्यापेक्षा वेगळा आणि जास्त भक्कम मुद्दा आहे. केलेल्या कामाचा मोबदला करारानेच देणं लागतं, तो वेगळ्या ई-मेलमध्ये मागा.

नोटीस पाठवण्याआधी करारातलं लवादाचं (वाद कोर्टाऐवजी मध्यस्थाकडे नेण्याचं) कलम वाचा. बहुतेक करारांत लवाद आणि दुसऱ्या शहरातलं न्यायक्षेत्र लिहिलेलं असतं, ते माहीत नसताना इथल्या कोर्टात गेलं की महिने वाया जातात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, हेल्पलाइन 15100. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दोन_ॲप_एक_गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक. कंपनीच्या विम्यावर भरवसा न ठेवता स्वतः स्वस्तात काय घेता येईल? दोन बँकांत खाती असतील तर दोन्हीकडून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेतला तर चार लाख मिळतात का?

उत्तर: क्लेम_टेबल

नाही. सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख आणि अंशतः कायम अपंगत्वाला 1 लाख देते, पण एका माणसाला एकाच खात्यातून. दुसऱ्या खात्यातून कापलेला हप्ता वाया जातो. वय 18 ते 70 चालतं. ऑन ड्यूटी असण्याची अट नाही, म्हणून कंपनीच्या पॉलिसीतली फट इथे काही अंशी भरते. संरक्षण 1 जून ते 31 मे असतं. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण बंद पडतं. पेआउट आला की लगेच दुसरीकडे वळवणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

सोबत जीवन ज्योती: 436 रुपये, वय 18 ते 50, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख. वारसाचं नाव बँकेत नोंदलेलं आहे का ते विचारा, आणि हप्ता कापल्याचा एसएमएस घरच्या एकाला तरी पाठवून ठेवा. पॉलिसी आहे हेच घरी माहीत नसल्यामुळे न मागितलेले क्लेम फार असतात.